बाजेच्या मापाचं कॅरिअर

मेडशीच्या इतिहासात गाडीच्या कॅरिअरचा एवढा विचार दुसऱ्या कोणी केला नसेल. इतर माणूस काय करतो? अकोल्याला जातो, दुकानदाराला म्हणतो टपावर एक कॅरिअर ठोकून दे, चहा पितो आणि घरी येतो. दौलतराव त्यातले नव्हते. फाट्यावर किशनच्या हॉटेलात चारचौघांसमोर त्यांनी सांगूनच टाकलं होतं, "गाडी कोनीबी घेते गा. कॅरिअर निवडाले अक्कल लागते." आणि ही अक्कल आपल्यापाशी आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

गाडी म्हणजे जुनीच, पण चारही चाकांनी ओढणारी जीप. दौलतरावांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालवा निरीक्षक. स्कूटरवरून कालव्याच्या काठाकाठानं जायचं, पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं, आणि कोणी चोरून आपल्या वावरात वळवलं असेल तर त्याच्याशी भांडायचं. अशा माणसाला निवृत्तीनंतर कशाचं स्वप्न पडावं? बर्फाचं! डोंगरच्या डोंगर गोठलेलं पाणी, जे कोणाच्या बापाला चोरून वळवता येत नाही. दौलतरावांना लडाखला जायचं होतं. स्वतःच्या गाडीनं, आणि बायकोला, बेबीताईला, सोबत घेऊन.

जेवण झालं की ते अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसत. हात स्टिअरिंगवर, नजर कुंपणापलीकडच्या तुरीवर. तूर ऐन फुलात होती. बघता बघता त्या पिवळ्या रंगाचा डोंगर व्हायचा, डोंगरावर ऊन चढायचं, खाली निळी नदी वाहायला लागायची. घरातून बेबीताई चहाला हाक मारायच्या, ती त्यांना नदीच्या आवाजासारखी लांबून ऐकू यायची. चहा निवून साय धरायचा तरी गाडी घाटातून खाली उतरत नसे.

आता गाडी होती, वेळ होता, स्वप्न तर होतंच होतं. अडलं होतं फक्त बेबीताईपाशी.

त्यांचंही काही चुकत नव्हतं. नवऱ्याच्या बदल्यांपायी त्यांनी आधी अनसिंगला संसार मांडला, तो मोडून धनजला नेला, तिथून मेडशीला आणला. दर खेपेला ट्रकात काहीतरी बळी पडलं. अनसिंगला जातं राहिलं, धनजच्या वाटेवर रांजण फुटला. मेडशीला आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं होतं की आता मी हलत नाही. त्यातल्या त्यात शाबूत राहिलेल्या वस्तू दोनच. एक पाटा आणि दुसरी बाज. बाज माहेरची, बाभळीच्या लाकडाची, बापानं स्वतः बसून विणून दिलेली. तिच्यावर पाठ टेकल्याशिवाय बेबीताईला झोप नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक.

एका सकाळी मेथी निवडता निवडता दौलतरावांनी लडाखचा विषय पुन्हा काढला, तेव्हा वैतागून त्या म्हणाल्या, "माही बाज आली तं मी आली. अन् पाटा. बाहेरच्या मसाल्यानं मले ढास लागते."

आता तुम्ही-आम्ही असतो तर समजलो असतो. बाई 'नाही' म्हणून राहिली आहे. पण दौलतरावांच्या कानात शिरला तो फक्त होकार. ते उठले, माजघरात गेले, सुतळी घेऊन बाजेची लांबी मोजली, गाठ मारली, रुंदी मोजली, गाठ मारली, आणि तो सुतळीचा गुंडाळा खिशात घालून अकोल्याची एसटी धरली.

दुकानदार शहाणा होता. रूफ रॅक म्हणून जेवढे प्रकार जगात असतील तेवढे त्यानं भिंतीला लटकावलेले. पहिला निव्वळ सपाट, काळा, हलका. गाडीला वाऱ्याचा त्रास नाही, आवाज नाही. दौलतरावांनी डोळे मिटले. दुपारची वेळ, गाडी एका कुरणात उभी, आपण टपावर उताणे आणि वरून ढग चालले आहेत. फार सुंदर. पण कठडा नाही. झोपेत कूस बदलली की थेट सिंधू नदी. दुसऱ्याला वर घडीचा तंबू आणि चढायला शिडी. पुन्हा डोळे मिटले. थंड चांदणं, तंबूत कंदील, आणि बेबीताई शिडीवरून... इथं स्वप्न अडखळलं. बेबीताईचा गुडघा जमिनीवर चालतानाच कुरकुर करतो, तो शिडी कुठून चढणार? तिसरा टोपल्यासारखा, चहूबाजूंनी लोखंडी कठडा. दुकानदार वजनाचं सांगत होता, वाऱ्याचं सांगत होता, टप दबतो म्हणत होता. दौलतरावांनी खिशातून सुतळी काढली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणली. गाठ नेमकी कठड्यावर आली!

"हेच," ते म्हणाले. दुकानदारानं विचारलं की काका, नेणार काय यावर? दौलतराव नुसते हसले. सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं.

कॅरिअर बसलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात बेबीताईचा गुडघा फार दुखायला लागला. त्या वाशिमला लेकीकडे, स्नेहाकडे गेल्या. तिथल्या दवाखान्यात दाखवायचं, चार दिवस शेक घ्यायचा आणि परतायचं असं ठरलं. आळीत सगळ्यांना एवढंच कळलं की बेबीताईला दवाखान्यात नेलं. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा.

घर मोकळं सापडलं तशी दौलतरावांना रंगीत तालीम सुचली. सामान चढवून गावातून एक फेरी मारायची, बाज हलते का पाहायची, आणि बायको आली की तयार गाडीच दाखवायची. त्यांनी बाज वर चढवली. सरळ ठेवली तर पाय कठड्यात अडकेनात, डुगडुग करी. उलटी केली, चारही पाय आभाळाकडे, तर अशी चपखल बसली की दौलतरावांनी स्वतःचीच पाठ थोपटली. शिवाय वर आलेल्या चार पायांमध्ये आपसूक जागा झाली. तिथं बेबीताईची गादी लांबट गुंडाळून ठेवली. धूळ बसू नये म्हणून तिला पांढरी चादर लपेटली आणि दोरीनं तीन ठिकाणी आवळली. पाटा ठेवला एका टोकाला, आणि त्याच्यावर, म्हणजे हाताला लागलं ते, बेबीताईचं निळं लुगडं टाकलं. चौदा एप्रिलला नेसतात ते.

आपल्याकडे बाज उलटी कधी होते, हे लहान पोरालाही माहीत आहे. घरातलं माणूस गेलं की होते. दौलतरावांनाही माहीत होतं. पण ते त्या वेळी मेडशीत होतेच कुठं? ते लडाखात होते. त्यांनी मोबाईलसुद्धा बंद करून ठेवला, कारण तिकडे रेंज नसते आणि सवय आतापासून केलेली बरी. डोंगरात दिवसाही गाडीचे दिवे लावून चालवतात असं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं, म्हणून दिवे लावले. वजन लादून पहिल्यांदा गाडी हळू न्यावी असंही पाहिलं होतं, म्हणून बैलगाडीला वाट देत देत, दिवसाउजेडी दिवे लावून, उलटी बाज आणि पांढरी वळकटी डोक्यावर घेतलेली ती जीप आळीतून निघाली.

पहिल्यांदा पाहिलं सुकेशनीनं. ती शेजारीण, बेबीताईची जिवाची मैत्रीण. अंगणात धुणं वाळत घालत होती. तिनं गाडी पाहिली, बाज पाहिली, निळं लुगडं पाहिलं आणि हातातलं ओलं पातळ तिथंच पडलं. दौलतरावांनी तिला हसून हात केला. सुकेशनी मटकन खाली बसली.

पुढं पारावर बसलेले लोक उठून उभे राहिले. कोणी टोपी काढली, कोणी हात जोडले. दौलतरावांना भरून आलं. इतकी वर्षं या गावाला पाणी दिलं, पण कोणी कधी बसल्या जागेवरून उठलं नव्हतं. एका कॅरिअरनं काय इज्जत दिली! त्यांनीही डावीउजवीकडे मान लववून सगळ्यांचे नमस्कार घेतले, अगदी हसतमुखानं.

"लय धक्का बसला माणसाले," पारावरचं कोणीतरी म्हणालं. "हसून राह्यले बिचारे."

गाडी हळू होती, त्यामुळे लोकांना मागं चालत येणं सोपं गेलं. आरशात दौलतरावांना माणसं दिसत होती, त्यांतली काही पांढऱ्या कपड्यांत. त्यांना वाटलं, अशीच असतात ती तिकडची माणसं, यात्रेला निघाल्यासारखी शांत, गाडीमागून चालणारी. फाट्यापर्यंत येईतो अर्धं गाव मागं होतं, आणि पुढं किशन आपल्या हॉटेलचं शटर अर्धं ओढत होता. दौलतराव खाली उतरले. कोणीतरी शेजारच्या दुकानातून हार आणला, बोनेटवर ठेवला. मग दुसरा आला. नव्या गाडीला हार घालायची रीतच आहे, आणि नवं कॅरिअर म्हणजे जवळजवळ नवी गाडीच, म्हणून दौलतरावांनी दोन्ही हार नीट सरळ करून ठेवले.

किशननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दौलतभाऊ, हिंमत ठेवा."

"हिंमत हाय म्हनून तं एवढं एकट्यानं वर चढवलं," दौलतराव म्हणाले.

किशननं हात काढून घेतला. मागून सुकेशनी पोचली होती, डोळे सुजलेले. तिनं कसंबसं विचारलं की पोरीला कळवलं का.

"स्नेहाले? नाई वं. तिले अन् सगळ्यायले एकदमच दाखवाचं हाय. सरप्राइज!"

सुकेशनीनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून झाडावरचे बगळे उडाले. बायका तिला धरून बसल्या आणि मग त्यांनाही आवरेना. दौलतरावांना नवल वाटलं. महिनाभरासाठी तर चाललो आहोत, त्यात इतकं रडायचं काय? पण आतून बरंही वाटलं. आपल्या बायकोवर गावाचा इतका जीव आहे, हे त्यांना आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणत होतं, तिच्या हातच्या ठेच्याची चव आता कुठं मिळायची. कोणी म्हणत होतं, आपल्या पोरीच्या बाळंतपणात तीच रात्रभर बसली होती. ऐकता ऐकता दौलतरावांचेही डोळे पाणावले. ही सगळी बाई आपल्याच घरात राहते आणि आपण मात्र तुरीकडे बघत बसतो.

या सगळ्यात एकच माणूस रडत नव्हता. तांड्यावरचे म्हातारे भाऊसिंग. ताडासारखे उंच, काठी टेकत ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "बाज बरोब्बर बसली हो. मुद्दाम घेतलं का असं?"

दौलतरावांचा चेहरा उजळला. इतक्या माणसांत कॅरिअरबद्दल विचारणारा एक तरी निघाला! त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरून सगळं सांगितलं. सपाट कसं असतं, तंबूचं कसं असतं, कठडा का पाहिजे, सुतळीनं माप कसं घेतलं. भाऊसिंग प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते आणि मधून मधून बाजेच्या लांबीकडे डोळे बारीक करून बघत होते.

तेवढ्यात वाशिमकडून एसटी आली. थांबली. आणि हातात पिशवी घेऊन, एक गुडघा सांभाळत, बेबीताई खाली उतरल्या.

त्यांना पहिल्यांदा कोणी पाहिलंच नाही. सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे. त्यांनी मात्र गर्दी पाहिली, हार पाहिले, अर्धं शटर पाहिलं आणि उलटी बाज पाहिली. आपल्याकडची रीत अशी की आधी रडायचं, कोण गेलं ते मागाहून विचारायचं. बेबीताईंनी चप्पल काढली, डोक्यावर पदर घेतला आणि गर्दीत शिरून सुकेशनीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. सुकेशनीही त्यांना मिठी मारून रडली. बरंच रडून झाल्यावर बेबीताईंनी हुंदका आवरून विचारलं, "कोन गेलं वं?"

"तूच न वं माय," सुकेशनी म्हणाली.

मग तिनं मान वर केली, आणि पुढं जी किंकाळी आली ती थेट तालुक्याला, मालेगावात ऐकू गेली म्हणतात. एसटीचा कंडक्टर खाली उतरला. किशननं गाडीच्या चाकावर पाय देऊन वर झेप घेतली, निळं लुगडं उचललं आणि खालच्या लोकांना सांगितलं, "पाटा हाय."

आता बेबीताईंना आपली बाज ओळखू आली. पाठोपाठ नवरा दिसला, हारांशेजारी उभा. गावानं वाट करून दिली. त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माही बाज वर काहून चढवली?"

"तूच म्हनली होती न," दौलतराव हळूच म्हणाले. "बाज आली तं मी आली. अन् पाटा. दोन्ही घेतले म्या."

कोणी हसलं नाही. हसावं की रागवावं, हेच कोणाला कळेना. हार फुकट गेले, धंदा बुडाला, आणि मेलेली बाई एसटीनं परत आली. बेबीताईंचा गुडघा ठणकत होता. घर लांब होतं. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आत बसल्या. "चला," एवढंच म्हणाल्या.

दौलतरावांना घराकडे वळायचं धैर्य झालं नाही. ज्या रस्त्यावर त्यांची स्कूटर डोळे मिटून चालायची तोच धरला, कालव्याच्या काठाकाठानं, तलावापर्यंत. तलावावर कोणी नव्हतं. ऊन उतरलं होतं, पाण्यावर सोनेरी सळसळ होती, पलीकडच्या टेकड्या निळ्या पडत चालल्या होत्या. दौलतरावांनी बाज खाली उतरवली, सरळ केली. बेबीताई तिच्यावर बसल्या. मग जरा सरकल्या. दौलतराव शेजारी बसले.

मी मेले तेव्हा तुम्ही हसत होते, असं फाट्यावर सुकेशनी सांगत होती, बेबीताई म्हणाल्या. दौलतराव म्हणाले की मला माहीत नव्हतं, मी जरा दुसरीकडे होतो. त्या म्हणाल्या, तुम्ही कायमच दुसरीकडे असता. लडाख हातचं गेलं, हे दौलतरावांना पुरतं कळून चुकलं होतं. फार वाईट वाटत होतं, आणि गंमत म्हणजे ती इथं जिवंत, शेजारी बसली आहे याचा आनंद त्या वाईटापेक्षा मोठा होता. एक खंड्या पाण्यात सुळकी मारून मासा घेऊन गेला. दोघंही तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"आज मी गेलीच असती," बेबीताई म्हणाल्या, "तं ही बाज काही संगं आली नसती. इथंच कुठं तरी उलटी पडली असती."

"असं बोलू नोको."

"खरं ते बोलून राह्यली. तिच्यापायी मी कुठं गेली नाई. अनसिंगहून धनज अन् धनजहून मेडशी, एवढंच जग पाह्यलं." त्यांनी बाजेच्या लाकडावरून हात फिरवला. मग विचारलं, "तिकडं थंडी लय राह्यते का?"

दौलतराव एकदम सरळ बसले. "लय."

"मंग एक स्वेटर घेईन. अन् ही पिशवी. बाज नोको, पाटा नोको. मसाला कुटून डब्यात नेऊ."

दौलतरावांना वाटलं, समोरच्या टेकड्यांवर बर्फ पडला. खरंच पडला असता तरी त्यांना इतका आनंद झाला नसता. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. मग हळूहळू त्यांची नजर गाडीच्या टपाकडे गेली. काळं, चकचकीत, सुतळीच्या गाठीगाठीनं मोजून घेतलेलं. एका पिशवीसाठी.

"मंग कॅरिअरचं काय?" त्यांनी विचारलं.

"म्या कधी मांगितलं होतं?" बेबीताई म्हणाल्या.

अंधार पडायच्या आत ते परत आले तेव्हा किशनचं शटर पूर्ण वर होतं. दोघं लडाखला जाणार ही बातमी चहाच्या पहिल्या कपाबरोबर गावभर झाली, आणि आता सगळ्यांनी खरोखर आनंदानं हात जोडले. भाऊसिंग मात्र जाग्यावरून उठून काठी टेकत गाडीपाशी गेले. बाज या खेपेला, डुगडुगत का होईना, सरळ ठेवून आणली होती, ती त्यांनी नीट पाहिली. मग कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वितीनं माप घेतलं आणि स्वतःच्या उंचीचा हिशेब मनातल्या मनात केला.

"पाय जरासे बाहेर येतील," ते म्हणाले, "पन चालते." आणि दौलतरावांकडे वळून, अगदी समजुतीच्या सुरात, "तुमी लदाकले खुशाल जा, बाप्पा. पन कॅरिअर काढून ठेवून जा. तुमी महिनाभर येनार नाई, अन् आमचा काय भरोसा?"